मधली रिकामी ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण शाळेची पायरी मी कधी चढलो नाही. बिरसी गावच्या चैतरामने मोडक्या बैलबंडीच्या फळ्या ठोकून मला बनवलं, तेही लेकीसाठी. त्याच्या बायकोने, रुख्माबाईने, बॅटरीच्या जुन्या सेलांचा कोळसा वाटून मला काळा केला. त्या दिवशीची माझी ऐट काय सांगू!

त्यांची लेक चेतना गणितात एम.एस्सी. करत होती. अनंत मितींची ली बीजगणितं हा तिचा विषय. त्यांची ओळख पटते ती मुळांवरून, आणि ही मुळं ती माझ्यावर ठिपक्यांनी मांडी. दोन ठिपक्यांपासून सुरुवात करायची, आरशात पाहावं तसं पुन्हा पुन्हा उलटवायचं, की नवे ठिपके मिळत. डावीकडे एक उभी ओळ, उजवीकडे एक. दोन्ही न संपणाऱ्या. मी आपला चार फुटांचा, अनंताला कुठून पुरणार?

नागपूरच्या परिसंवादात हे नीट मांडलं तर तिला संशोधनाची जागा मिळणार होती, नाहीतर घरचा रस्ता. दोन दिवस उरले तरी हिशेब जुळेना. मुळं कुठेतरी कमी पडत होती.

धानाच्या रोवणीहून आलेला चैतराम चिखलाच्या पायांनीच माझ्यापुढे उभा राहिला. "आमी रोवण्यात चालाले वाट सोडतो. तू मधात कोनाच्या चालाले सोडून राहिली?"

"तिथं काही येतच नाही, बाबूजी. कितीही उलटवलं तरी."

"उलटवून नाही येत, त दुसऱ्या रीतीनं आन. वावर रिकामं कायले ठेवतं?"

चेतनाने खडू उचलला. मग तिने डावीकडचं एक मूळ आणि उजवीकडचं एक मूळ यांची बेरीज केली. ती नेमकी मध्ये पडली! उलटवून कधीच न सापडणारी ती काल्पनिक मुळं होती. भराभर मधली ओळ भरली. फक्त शून्याची जागा तिने रिकामी ठेवली.

"अन् इथं?"

"शून्याला मूळ म्हणत नाहीत, बाबूजी."

चैतराम खूश! पुढे रोवणीच्या बांधावर त्याने ही गोष्ट ज्याला त्याला ऐकवली.

चेतनाला ती जागा मिळाली, ती शिकली, रायपूरला शिकवू लागली. मी धान साठवायच्या ढोलीचं झाकण झालो, मग शेळ्यांचं दार. चैतराम दोन वर्षांपूर्वी गेला. तो गेल्यावर मला कोणी पुसलंही नाही. फार आठवण येते त्याची.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत चेतनाचा धाकटा भाऊ भूपेंद्र कुऱ्हाड घेऊनच आला. "कायले ठेवाचा हा? चुलीत टाकू."

सुट्टीवर आलेली चेतना काही बोलणार, तोच रुख्माबाईने मला ओल्या फडक्याने पुसलं. अक्षरओळख नसलेल्या त्या हाताने खडू घेतला. डावी ओळ, उजवी ओळ, मग मधली. एका जागी हात थांबला.

"इथं नाही मांडाचं. तुहे बाबूजी सांगत राहायचे."

चेतनाला रडू आवरेना. भूपेंद्रने कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू मोडायला घ्याल, तेव्हा आधी एकदा पुसून आईच्या हाती द्या. एवढंच माझं मागणं.