बागेला लागून घर

"बागेला लागून घर घेताय खरं, पण बाग म्हणजे भिंतीवरचं चित्र नाही. औषधं मारतात तिथं," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी म्हणाले, "आई, हवा बघा ना किती स्वच्छ आहे."

शहराने शेतं गिळू नयेत म्हणून आम्ही पाच कुटुंबं मखमलाबादच्या पुढे शेतात राहायला आलो. हे वाक्य बोलताना फार छान वाटायचं. लिहिल्यावर कसंतरीच दिसतंय. घरं लहान, स्वयंपाकघर सगळ्यांचं एक, उरलेली जागा मोकळी आणि प्रत्येक निर्णय सर्वानुमते. कपडे वाळत घालायची दोरी कुठे बांधायची, यावर अजून एकमत व्हायचंय. एकमत होतं ते फक्त शेजारच्या देवरामनानांच्या द्राक्षबागेवर. प्रत्येक खिडकीतून ती दिसेल अशीच घरं बांधलीत आम्ही.

ऑक्टोबरची छाटणी झाली आणि नानांचा फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला. माझी सई तेव्हा जेमतेम बसायला लागलेली. ती एकदा शिंकली. मी खिडक्यांना ओले टॉवेल लावले, शिंकेचा आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना पाठवला आणि तशीच बांधावर गेले.

नानांनी ट्रॅक्टर बंद केला. "चुकलंच ताई. लेकरू हाय घरात, ध्यानातच नाय आलं. आता आधी फोन करीत जाईन."

आणि करायचे. "ताई, बाळाला आत घ्या, औषध मारतोय." आमच्या पाच घरांत मिळून इतकं वेळेवर कुणी काही करत नाही. तरी मी पुन्हा पुन्हा गेलेच. कधी वारा आमच्या बाजूला वळला म्हणून, तर एकदा सई अजिबात शिंकत नाहीये, या काळजीने. दर वेळी नानांनी ट्रॅक्टर बंद केला.

परवा त्यांची सून संजना दूध द्यायला आली. म्हणाली, "आभाळ आलं की रोग पडतो द्राक्षावर, औषध चुकवून नाय चालत, वहिनी. निम्मी बाग गेली औंदा. नाना म्हणतात, इथं आता माणसं राहाया लागली, बाग नाय व्हायची. इकून टाकू." बांधावर एक पांढरी गाडी दिसते अधूनमधून, ती बिल्डरची, हेही तेव्हाच कळलं.

आम्ही तातडीची बैठक घेतली. 'बाग वाचवा' असा ठराव मांडला. माझा नवरा आल्हाद म्हणाला, "कुणापासून, तेही लिहा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सर्वानुमते.

काल मी बांधावर गेले, ते सांगायला, की नाना, खुशाल मारा औषध, आम्ही लावून घेऊ खिडक्या. मला लांबून बघताच त्यांनी ट्रॅक्टर वळवला. फोन केला तर, "बंद केलंय ताई," म्हणाले आणि ठेवून दिला.

आज आभाळ भरलंय आणि ट्रॅक्टरचा आवाज नाही.

तुम्ही या बाजूला आलात तर नानांकडे जरा डोकावून याल? कसे आहेत बघा, बाग ठेवताहेत का विचारा. चहा देतील, नाही म्हणू नका. फक्त मी पाठवलंय, हे सांगू नका.