पुढच्या मॉडेलची वाट

म्हैसुरातल्या रेडिओवेड्या मंडळींत सुधींद्रच्या शब्दाला वजन होतं. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस. नवं यंत्र बाजारात आलं की बन्नीमंटप भागातल्या त्याच्या घराच्या गच्चीवर त्याची परीक्षा व्हायची, आणि त्याने नाक मुरडलं की ते कोणी घेत नसे. ह्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

म्हणूनच बिंदुमाधवांनी तो खिशात मावणारा डिजिटल रिसीव्हर आधी त्याच्याकडे पाठवला. बिंदुमाधव पूर्वी जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. म्हैसुरातच गोकुलमला घर करून राहिल्यावरही संध्याकाळी हेडफोन लावून ते जगभरची स्टेशनं धुंडाळत. सुधींद्रला हा नाद त्यांनीच लावला. पण त्यांचा जुना सेट पोत्यासारखा जड, आणि गच्चीवर चढून अँटेनाची तार ओढणं आता गुडघ्यांना झेपेना. पुतण्या विजयेंद्रने हे नवं यंत्र बेंगळुरूहून आणून दिलं होतं. पसंत नाही पडलं तर परत करता येणार होतं.

"तू सांगशील तसं," बिंदुमाधव फोनवर म्हणाले. "पण स्वल्प लवकर बघ, आं?"

सुधींद्रने लवकर नाही, नीट बघितलं. यंत्र होतंच कौतुकाचं. मीडियम वेव्हपासून थेट विमानांच्या बोलण्यापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे, सगळं एका तळहातावर. बॅटरी दिवसभर पुरायची. अशक्त आवाजाभोवतीची खरखर ते आतल्या आत पुसून टाकायचं. पण एवढं सगळं एवढ्याशा डबीत कोंबायचं तर कुठेतरी कात्री लागणारच. नको त्या लहरी दारातच अडवणारे फिल्टर बनवणाऱ्यांनी गाळले होते. त्यामुळे लांब तार जोडली की जवळचं स्टेशन भलत्याच जागी डोकं वर काढायचं आणि दूरची बारीक स्टेशनं त्याखाली चिरडून जायची. स्क्रीनचीही एक किणकिण मागे लागायची. सोबतच्या आखूड अँटेनावर ते शहाण्यासारखं वागे, पण त्याचे गुण सुधींद्रने धरलेच नाहीत.

तो स्वतःच ते घेऊन गोकुलमला गेला.

"नको, बिंदण्णा. पुढचं मॉडेल येतंय, फिल्टर घालून. थोडं थांबा."

बिंदुमाधवांनी डबी हातात घेऊन चाक एकदा फिरवलं. "मी तार कुठे जोडणार आहे रे? ह्या खिडकीत बसून ऐकलं तर चालत नाही काय?"

"चालेल हो. पण तुमच्या कानांना असलं अर्धवट कशाला?"

अंबुजावहिनी काहीतरी बोलायला पुढे आल्या. नवऱ्याने त्यांना हातानेच थांबवलं. "सरी, बरं, थांबू. सुधींद्र म्हणतो म्हणजे बरोबरच असणार."

रिसीव्हर परत गेला.

नवं मॉडेल यायला वर्ष लागलं. मधल्या काळात सुधींद्रने फोन केला की वहिनीच उचलायच्या. ते झोपलेत, ते फिरायला गेलेत. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. दसऱ्यानंतर रिसीव्हर आला. त्याने तो तपासला. दोष खरंच गेले होते. आपल्यातर्फे भेट म्हणून द्यायचा, असं ठरवून तो हौसेने गोकुलमला गेला.

बिंदुमाधवांनी डबी उलटसुलट करून पाहिली, हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. सुधींद्र स्टेशन लावू लागला.

"वा! एकदम स्वच्छ," ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "जराही खरखर नाही रे!"

सुधींद्रचा हात जागच्या जागी थांबला. आवाज त्याने अजून वाढवलाच नव्हता.

मग त्याने तो हळूहळू वाढवला, अगदी शेवटपर्यंत. बिंदुमाधवांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते तसेच प्रसन्न बसून होते, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

स्वयंपाकघरात वहिनी कॉफी गाळत होत्या.

"वहिनी, कधीपासून?"

"डावा कान आधीच गेला होता. उजवाही जाणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तर विजयेंद्राने ते आणलं. ऐकू येतंय तोवर ऐकू दे म्हणून."

"मग मला सांगायचं नाही?"

"मी सांगणारच होते, नाही काय? त्यांनीच अडवलं. 'दया म्हणून त्याने बरं म्हणायला नको,' म्हणाले." त्यांनी पेला त्याच्या हातात दिला. "उन्हाळ्यापर्यंत ऐकू येत होतं बघ."

त्याने काढलेला एकही दोष खोटा नव्हता. उभ्या उभ्या त्याने ते सगळे पुन्हा मनात घोळवले, आणि एकाचाही आधार वाटेना.

तो बाहेर आला. बिंदुमाधव स्क्रीनवरचे आकडे बघत चाक फिरवत होते.

"लागलंय काय काही?" त्यांनी विचारलं.

सुधींद्रने आवाज उतरवून हेडफोन आपल्या कानाला लावला. कोणीतरी दूरवर बोलत होतं, अगदी स्पष्ट. भाषा त्याला कळेना.

"लागलंय!" तो त्यांच्या कानाशी ओरडला.

"कोण आहे?"

त्याने मान हलवून कळत नाही असं सांगितलं.

"आखाताकडचं असेल. ह्या वेळेला तेच." बिंदुमाधव खुर्चीत मागे टेकले. "तू ऐक. मी बसतो."