गोल्पिस्ताला मराठी शब्द

होंडुरासमधल्या सत्तापालटाची बातमी मराठीत करताना मुनीर फकीह सर ‘गोल्पिस्ता’ या स्पॅनिश शब्दापाशी अडले. राष्ट्राध्यक्षांना हटवणाऱ्यांना तिथले लोक तसं म्हणत होते. भिवंडीच्या साप्ताहिकाला मजकूर संध्याकाळपर्यंत हवा होता, म्हणून सर शब्दकोश बघायला वाचनालयात गेले.

या वाचनालयाचे ते अठरा वर्षं अध्यक्ष होते. गेल्या रविवारी ते आजारी बायकोपाशी दवाखान्यात बसलेले असताना समितीने सभा घेतली आणि त्यांना काढून मनोज केणेला अध्यक्ष केलं. मनोजला समितीत सरांनीच आणलं होतं.

ग्रंथपाल मृणालीने खाली मान घालून जाडजूड कोश त्यांच्यापुढे ठेवला.

“गोल्पे म्हणजे फटका,” सर वाचत म्हणाले. “मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, गालावर मारलेली थप्पड.”

“मग बंडखोर लिहायचं का, सर?”

“नाही गं. बंडखोर निदान समोर उभा राहतो.” सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “थप्पड मारायला माणूस जवळचा लागतो. हात पोचला पाहिजे ना.”

मृणाली म्हणाली, “त्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलंय, सर.”

“माहीत आहे. प्रत आली घरी, अक्षर ओळखलं मी. तुझी नोकरी आहे, बाळ.”

त्यांनी कागदावर ‘सत्ता बळकावणारे’ असं लिहिलं. शब्द त्यांना पटला नव्हता, पण आणखी शोधायचं त्राण उरलं नव्हतं. बायकोचा डबा घेऊन ते दवाखान्याकडे निघाले.