मी दोन मिनिटांसाठी जन्मलो

मी एक जुना नियम आहे, असं मला सांगताच येणार नाही, मित्रांनो. मी आज सकाळीच जन्मलो. आणि जुना व्हायची मला जाम भीती वाटते. का, ते सांगतो, पण भरभर सांगतो. कारण आत्ता माझ्या डोक्यावर एक चौकोन उघडलाय आणि त्यात लिहिलंय, 'हा नियम नक्की काढायचा का?' खाली 'हो' आणि 'रद्द करा' अशी दोन बटणं आहेत. कोणीतरी एक दाबेपर्यंत सांगून व्हायला हवं.

नाशिकला हायवेच्या कडेला एक डेटासेंटर आहे. मोठा गार हॉल, आत कपाटांच्या रांगा, कपाटांत कंप्युटर. गावोगावच्या लोकांची कामं त्यांच्यावर चालतात. बाहेरून कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, ते फायरवॉल ठरवते. फायरवॉल म्हणजे विटांची भिंत नाही हं! ती आमची, नियमांची, रांग असते. इथे काम करणारे रवीदादा आणि चैतालीताई ब्राउझरमध्ये एक पान उघडतात आणि तिथूनच आम्हाला लिहितात, वरखाली सरकवतात, पुसतात. कोणी दारात आलं की पहिला नियम बघतो, हा माझ्यातला का? नसेल तर दुसरा बघतो, मग तिसरा. कोणाचाच नसेल, तर सगळ्यात खाली एक म्हातारा नियम बसलेला असतो. तो एवढंच म्हणतो, 'नाही.' आम्ही त्याला आजोबा म्हणतो.

तर आज सकाळी निफाडहून बहिरूकाकांचा फोन आला. काका द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज सांभाळतात. तिथल्या थंडीचं सॉफ्टवेअर आमच्या एका कपाटात राहतं. काका निफाडला बसून स्क्रीनवर तापमान बघतात, पंखे चालू-बंद करतात. आज त्यांची स्क्रीनच उघडेना.

"रवीभाऊ, कायच दिसत नाय ओ! पेट्या भरून ठेवल्यात, उद्या कंटेनर लागणार हाय. आत थंडी हाय का नाय, मला कळाया नको?"

रवीदादाने सगळे नियम वरून खाली वाचले. मग खालून वर वाचले. सगळं जिथल्या तिथे होतं. फोनवर काकांचा आवाज चढत चालला.

"थांबा हो काका, ओरडू नका. दोन मिनिटं सगळं उघडं करून बघतो."

आणि मी जन्मलो! कोण येणार? कोणीही. कुठे जाणार? कुठेही. काय करायचं? येऊ द्यायचं. नावाच्या रकान्यात त्याने घाईघाईत 'टेस्ट' लिहिलं आणि मला रांगेत थेट पहिला उभा केला.

"आलं, आलं! दिसाया लागलं!" काका ओरडले. "जादूगार हायेस लेका!"

मित्रांनो, मी असा फुगलो म्हणून सांगू! जन्मल्या जन्मल्या शाबासकी!

"आता हे बंद करतो आणि नीट शोधतो, काका."

"ए, नाय नाय! चालतंय ना? मग हात नको लावू बाबा. तुम्ही हात लावला की बिघडतं."

रवीदादा हसला. तेवढ्यात त्याला दुसराच कोणाचा तरी फोन आला. तो बोलत बोलत उठला आणि खुर्ची नुसती फिरत राहिली.

मी छाती काढून उभा होतो. तर खालून आजोबांचा आवाज आला, अगदी हळू.

"पोरा, माझ्यापर्यंत कोणी येतच नाहीये."

"बरं झालं की आजोबा! आराम करा."

"अरे, ते यायचे थांबलेले नाहीत. तू त्यांना आत सोडतोयस."

मग मी नीट बघितलं, आणि माझी बोबडीच वळली. कुठून कुठून लोक येत होते! ना नाव, ना ओळख. येत होते, दारं हलवून बघत होते, जात होते. त्यांतला एक गेलाच नाही. तो काकांच्या सॉफ्टवेअरपाशी थांबला आणि पासवर्ड लावून बघायला लागला. एक लावला, नाही लागला. दुसरा लावला. त्याला काही घाईच नव्हती. मी जिवाच्या आकांताने 'नाही' म्हणायला गेलो, तर तोंडातून निघालं, 'या.' माझ्यावर दुसरा शब्दच लिहिलेला नाही, मित्रांनो! मी तरी काय करू?

आणि पासवर्ड लागला. एक दोन तीन चार. सॉफ्टवेअरबरोबर आला तोच, कोणी कधी बदललाच नव्हता.

थोड्या वेळाने काकांचा परत फोन.

"रवीभाऊ, कामावरची गोजराबाई पेट्या बघाया आत गेली, तर तिला स्वेटर काढावं लागलं!"

मागून गोजराबाईंचा आवाज आला, "पंखे गपगार पडल्यात! माल घामेजलाय सगळा!"

"मी चालू करतो, ते परत बंद पडतंय. परत चालू करतो, परत बंद. भूत शिरलंय का काय आत?"

"मेकॅनिकला बोलवा, काका," रवीदादा म्हणाला.

शेजारच्या खुर्चीवरून चैतालीताईने मान वळवली. "मेकॅनिक कशाला? सकाळी तू काय केलंस?"

"काही नाही गं. दोन मिनिटं उघडलं होतं..." आणि त्याने घाईघाईत पान उघडलं.

"दोन मिनिटं? रवी, डबे खाऊन झाले आपले."

ताईने पान बघितलं. मला बघितलं. "काढ हे. आधी काढ!"

फोन स्पीकरवर चालूच होता. काका कळवळले, "नका काढू ताई! काढलं की माझी स्क्रीन जाती. मग पंखे कोण चालू करील? अख्ख्या गावाची द्राक्षं हायेत आत!"

रवीदादाचा हात तिथेच थांबला. ठेवला तर चोर, काढला तर अंधार.

"काका, एवढ्यात तुमच्याकडे काही बदललंय का?" ताईने विचारलं.

"काय नाय."

"नेट तेच आहे?"

"नेट व्हय? ते काल सांजच्याला नवीन घेतलं. लय फास्ट हाय."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"वायर बदलली, त्यात काय सांगायचं ताई?"

झालं! आमच्यातला काकांचा नियम जुन्या लाइनचा नंबर ओळखत होता. नव्या नंबरला आजोबांनी 'नाही' म्हटलं, त्यांचं काय चुकलं? ताईने पटकन एक नवा नियम लिहिला. फक्त काकांचा नवा नंबर आणि फक्त त्यांचंच दार.

"पासवर्ड मी बदलते," ती म्हणाली. "हा नियम तू लिहिलास, तूच पूस."

म्हणून हा चौकोन उघडलाय, मित्रांनो. एरवी अशी आत्मकथा सांगणारे सगळे म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी उलटं मागतो. मला पुसा! दोन मिनिटांसाठी काही उघडलंत, तर बंद केल्याशिवाय जागेवरून उठू नका. कोणी कितीही शाबासकी देऊ दे.

अरे देवा, रवीदादाचा फोन वाजतोय! तो फोनकडे बघतोय. दादा, नको ना! तिकडे तो चोर परत पंख्यापाशी आलाय. दादा, आधी मी!

रवीदादाने फोन पालथा ठेवला. "वाजू दे," तो म्हणाला.

माउसचा बाण 'हो'वर आलाय. आजोबा, ऐकताय ना? मला कधी जमलं नाही ते. तुम्ही त्याला 'नाही' म्हणा.