हाविसचे जाते आणि सरदाराची पाणचक्की

मी एक जुने जाते आहे, मित्रांनो, काळ्या खरबरीत दगडाचे. ऱ्हाईन नदीकाठच्या डोंगरात एका पाथरवटाने मला घडवले. मग नावेत बसून मी समुद्रापार इंग्लंडला आले आणि तिथल्या एका जत्रेत हाविसच्या बापाने मला पसंत केले. लेकीच्या लग्नात त्याने दिलेली सगळ्यांत जड वस्तू म्हणजे मीच. त्या लग्नालाही आधी गावच्या सरदाराच्या गढीची परवानगी घ्यावी लागली होती. गावातली जमीन सरदाराची, ओढा सरदाराचा, रानही सरदाराचे. जमिनीवर राबणाऱ्यांना त्याला विचारल्याशिवाय गाव सोडता येत नसे, तेव्हा ती माणसेही जवळजवळ त्याचीच.

हाविसचा नवरा थर्स्टन आठवड्यातले निम्मे दिवस गढीच्या शेतावर वेठीला जाई. कापणीच्या दिवसांत आभाळ भरून आले की आधी सरदाराचे जव कोठारात जात. थर्स्टनचे जव शेतातच भिजत उभे राहत. त्यातून जे वाचे ते माझ्यापाशी येई. मी जव दळले, राय नावाचे धान्य दळले, टंचाईत वाळलेले वाटाणेसुद्धा दळले. माझ्या पिठात कचकच नसे, म्हणून शेजारणीही आपापली जाती सोडून दळण घेऊन माझ्याकडे येत. पलीकडच्या घरातली साबेली एकदा म्हणाली, "हाविस, तुझं जातं माझ्या नवऱ्यापेक्षा कमी कुरकुरतं गं." ते ऐकून मला फार बरे वाटले होते.

पुढे सरदाराने ओढ्यावर पाणचक्की बांधली आणि हुकूम निघाला की गावाने इथेच दळायचे, घरात जाते ठेवायचे नाही. चक्कीवाला हॅमो प्रत्येक पोत्यातून सरदाराचा वाटा काढी, मग स्वतःचा काढी, आणि त्याची मूठ चांगलीच मोठी होती. गढीचा कारभारी रॅनल्फ बैलगाडी घेऊन दारोदार जाती गोळा करत आला, तेव्हा हाविस उंबरठ्यावर आडवी उभी राहिली. थर्स्टननेच तिला बाजूला ओढले. ज्याची जमीन कसायची, त्याच्या माणसाला अडवायचे कसे, हे त्याला कळेना.

गावातली सगळी जाती गढीच्या अंगणात चिखलावर फरशीसारखी बसवली. मला पालथे टाकले. माझ्यावरून घोडे गेले, गाड्या गेल्या, डुकरे गेली. मित्रांनो, कोणी रागाने फोडले असते तर निदान माझी दखल तरी घेतली असे वाटले असते. कित्येक वर्षे मला जाते म्हणून कोणी पाहिलेच नाही. हाविस मात्र वेठीला आली की माझ्या कडेकडेने चाले. तिने माझ्यावर कधी पाय दिला नाही.

मग एका हिवाळ्यात ओढा तळापर्यंत गोठला. चक्कीचे चाक बर्फात रुतले. गावातले पीठ संपले आणि लोक अख्खे जव शिजवून खाऊ लागले. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना तेही जमेना. गढीत कोठार भरलेले होते, पण पीठ तिथेही नव्हते, आणि चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या सणाला सरदाराकडे पाहुणे यायचे होते. रॅनल्फने कुदळी मागवून आम्हाला जमिनीतून उपटून काढले आणि गावातल्या बायकांना दळायला बोलावले.

बायका आल्या. हाविसने सुरीने माझ्या तोंडावरचा गोठलेला चिखल खरवडला, पण ती दळायला बसली नाही.

"कारभारी," ती म्हणाली, "आमच्या वेठीत काय काय येतं ते तुम्हीच दर साली सांगता. नांगरणी, कापणी, मेंढरं धुणं. त्यात दळण कुठाय?"

"आता सांगतोय ना."

"घरी जातं ठेवायचं नाही, हा तुमचाच हुकूम. मग जात्यावर दळायची वेठ आली कुठून?"

मागे कोणीतरी हसले. रॅनल्फचे कान लाल झाले. थर्स्टनची जमीन काढून घेईन, असे त्याने धमकावले. तोवर पुरुषही जमले होते आणि त्यांत गावचे म्हातारे पंच होते. गावाचा रिवाज त्यांच्या तोंडी असे. त्यांनी आपसात विचार केला आणि सांगितले की अशी वेठ कधी नव्हती. इथे रॅनल्फ अडला. सरदाराचा प्रत्येक हक्क त्याच रिवाजावर उभा होता. रिवाज खोटा म्हटला, तर नांगरणीला तरी कोण येणार?

"तुला हवंय तरी काय, बाई?" त्याने विचारले.

"ओढा गोठला किंवा आटला की ज्यानं त्यानं आपल्या घरी, आपल्या जात्यावर दळायचं. आणि हे सरदारांनी भर सभेत बोलायचं, पंचांसमोर."

रॅनल्फ आत जाऊन आला. सरदारांना मान्य आहे, आता बसा, असे तो म्हणाला. हाविस म्हणाली, "सभेत." आणि सगळ्या बायका न दळता, उपाशीच घरी गेल्या. त्या संध्याकाळी थर्स्टन तिला पुष्कळ बोलला; तू आम्हाला रस्त्यावर आणणार, म्हणाला. ती चुलीवर अख्खे जव शिजवत राहिली. हे मला साबेलीने पुढे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. दार उघडे होते, त्यामुळे अंगणात मला सारे ऐकू आले. सरदाराने रिवाज कबूल केला आणि पंचांनी तो मोठ्याने म्हटला. सरदाराने एक अटही घातली. जाती घरी न्या, पण पाणी वाहत असताना जाते फिरले तर ते जप्त होईल. म्हणजे एरवी हॅमोची मूठ कायमच. हाविस म्हणाली, "चालेल." मग बाहेर येऊन तिने माझ्यात नवा खुंटा ठोकला आणि तो धरला.

गढीचे दळण झाल्यावर थर्स्टनने मला दोन खेपांत घरी नेले.  घरी त्याने मला चुलीजवळ, माझ्या जुन्या जागी, स्वतःच्या हातांनी नीट बसवले.

त्यानंतर दर हिवाळ्यात ओढा गोठला की हाविस साऱ्या गावाला दिसेल असे दार सताड उघडून दळायला बसे. घरात पीठ असले तरी बसे. उगाच कशाला हात दुखवतेस, असे साबेलीने एकदा विचारले.

"यंदा दळलं नाही," हाविस म्हणाली, "तर पुढचा कारभारी म्हणेल, असा रिवाज कधी नव्हताच."

हाविस गेली, तिची सून गेली, नातसून गेली. आता माझ्या खाचा झिजल्या आहेत आणि मी एका गोठ्याच्या भिंतीशी पडून असते. येणारेजाणारे मला हात लावून म्हणतात, किती जुने आहे, जपून ठेवायला हवे. मित्रांनो, मला जपायचे असेल तर झाकून ठेवू नका. टाकीवाल्या पाथरवटाला बोलवा, माझ्या खाचा नव्याने उकरून घ्या. मग मूठभर जव घाला आणि खुंटा धरा. दार मात्र उघडे असू द्या.