गोठ्यामागची पंगत

मेडशीच्या मारोतराव पाटलाच्या पोरीचं लग्न होतं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या त्या गावाला तेव्हा भात म्हणजे सणाचं जेवण. पाटलाच्या वावरात राबणारे सारे गडी-बाया सकाळपासून पोट रिकामं ठेवून आले होते.

मांडवात वऱ्हाडी जेवत होते, तुपाची चरवी फिरत होती. इकडे गोठ्यामागे मजुरांच्या पत्रावळी मांडल्या. पाटलाचा भाऊ दौलतराव घमेल्यातून भात टाकत आला. थंडगार, गोळे झालेला, पांढराफटक.

"वरण?" गोजराबाईनं विचारलं. कापूस वेचणाऱ्या बायांची ती पुढारीण.

"सरलं. भात भेटून राह्यला तेच लय समज."

शेजारी बसलेला म्हातारा लखमा कुजबुजला, "खा बाई गुमान. लग्नाच्या घरी कायले तोंड वाजवतं?"

"तोंड नाही वाजवत. फोडणी देतो," म्हणून गोजराबाई उठली.

घर जवळच होतं. कढई, उलथनं, करडीचं तेल, जिरं, लसूण, वाळल्या मिरच्या, मीठ, हळद घेऊन ती परत आली. बायांनी तीन दगड मांडले, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या. लसूण दगडावर ठेचला. तेल तापल्यावर जिरं तडतडलं, लसूण लाल झाला, मिरच्या फुगल्या. सगळ्यांच्या पत्रावळीवरचा भात हातानं मोकळा करून तिनं कढईत लोटला आणि उलथन्यानं खालीवर केला. पिवळ्याजर्द भाताचा वास गोठा ओलांडून थेट मांडवात गेला. पाहुण्यांना ठसका लागला, मग तोंडाला पाणी सुटलं.

नवरदेवाच्या बापानं विचारलं, "पाटील, हे काय शिजून राह्यलं?"

दौलतराव धावत आला. "गोजरा, एक परात भरून दे. व्याह्याले पाह्यजे."

"नाही."

"भात आमचा हाये!"

"भात तुमचा, फोडणी माही. ज्याले खायाचा त्यानं इथं येऊन बसा. वाढीन ना, पोटभर वाढीन."

व्याही काही आला नाही. पण त्याची बहीण कस्तुराबाई पदर खोचून आली आणि लखमाच्या समोर मातीतच बसली. "वाढ व माय," म्हणाली.

पाहुणे गेल्यावर मारोतराव कडाडला, "उद्यापासून माह्या वावरात पाय ठेवू नको!"

"नाही ठेवत," गोजराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धसकटं वेचायला एकही बाई गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पाटलानं शेजारच्या गावात माणूस पाठवला, पण लग्नातली गोष्ट तिथं आधीच पोचली होती. पेरणी तोंडावर आली, वावर तसंच पडलेलं. शेवटी दौलतराव तिच्या दारात उभा राहिला.

"चाल ना आता. किती ताणतं?"

"येतो. पण तुमच्या घरी कार्य असन तवा आमच्या पंगतीले वरण मांडवातल्याच भांड्यातलं, अन् वाढणारा हात आमचा."

"दादा ऐकणार नाही."

"मंग दादालेच पेरू दे."

दोन दिवसांनी मारोतराव स्वतः आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "बरं, तुह्या मनासारखं," आणि वळला. गोजराबाईनं बायांना हाक मारली. पण निघण्याआधी तिनं त्याला थांबवून तेच पुन्हा एकदा, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं, मोठ्यानं म्हणायला लावलं.