डेसमंड पार्ट्रिजचा डावा हात

ड्राफ्ट जवळ आला की आमच्या धंद्यातली माणसं फक्त हवापाण्याबद्दल खरं बोलतात. शाळा-कॉलेजांतल्या खेळाडूंमधून प्रत्येक बेसबॉल टीम आपल्या पाळीला एक नाव उचलते. त्यामुळे आपला डोळा ज्या पोरावर आहे त्याच्यावर दुसऱ्याचा पडू नये, एवढीच सगळ्यांची धडपड. आवडलेल्या पोराकडे पाठ करून बसायचं आणि नावडत्याच्या खेळाला मान डोलवायची, हे मी पहिल्याच वर्षी शिकले.

मी रोंडा प्रुइट. मेम्फिस पायलट्स या टीमसाठी जॉर्जिया आणि अलाबामा फिरते. शाळांच्या मैदानांवर बसून पोरं बघायची आणि वर कळवायचं, हे माझं, म्हणजे स्काऊटचं, काम.

त्या वर्षी आमचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, म्हातारे झाले होते. एकाचा खांदा गेलेला, एकाची कंबर धरलेली, तिसरा नुसता जुन्या नावावर उभा. खालच्या टीमांतून वर आणावा असा एकही तरुण हात नव्हता. आमचे मोठे साहेब लेनी केसलर. त्यांचा नियम साधा होता: चेंडू फेकणारा घ्यायचा तर कॉलेजातला, तयार झालेला. शाळेतल्या पोराचा हात कधी दगा देईल सांगता येत नाही, असं ते म्हणायचे. पण दक्षिण जॉर्जियातल्या डेसमंड पार्ट्रिजचं चित्रण मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग म्हणाले, "हा डावखुरा असा फेकतो, आणि अजून शाळेत आहे?"

"हो."

"मग गेल्या काही सामन्यांत फेकताना दिसला का नाही? जा, बघून ये. आणि रोंडा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस."

मी गेले. मैदानाच्या कडेला पेकानची झाडं, खाली लाल माती, आणि डेसमंड चेंडू फेकायचं सोडून पहिल्या बेसवर उभा. त्याच्या कोचचं नाव हॅडली. ढेरपोट्या, गोड बोलणारा माणूस.

"बोटाला फोड आलाय हो मिस रोंडा," तो म्हणाला. "पोराला जरा विश्रांती."

सामना संपल्यावर डेसमंडने येऊन माझ्याशी हात मिळवला. मी मुद्दाम त्याचा डावा हात पुढे मागितला. बोटं स्वच्छ होती. फोड नाही, वण नाही.

मागच्या रांगेत रॉय टिंडल उकडलेल्या शेंगा खात बसला होता. रॉय दुसऱ्या टीमचा स्काऊट, माझ्याहून बराच मोठा. या धंद्यात मला बसायला जागा दिली ती त्यानेच. त्याने शेंगांची पिशवी माझ्यापुढे केली.

"अगं, कशाला उन्हात वेळ घालवतेस?" तो हळूच म्हणाला. "कोपर गेलंय पोराचं. आम्ही नाव काढून टाकलंय."

"कुणी सांगितलं?"

"सांगणाऱ्याने सांगितलं. तुझं भलं व्हावं म्हणून बोलतोय. उद्या केसलर तुझ्या नावाने ओरडायला नको."

मी शेंग फोडून तोंडात टाकली. ड्राफ्टमध्ये आमच्या पाठोपाठची पाळी रॉयच्या टीमची होती. आम्ही डेसमंडला सोडलं तर तो थेट त्यांच्या ताटात. आणि नाव काढून टाकलं असेल तर हा म्हातारा चार तास गाडी चालवून इथे शेंगा खायला आला होता का?

त्या रात्री मोटेलमध्ये झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. छान आली. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार आला तो रॉयचाच, आणि तो चांगला नव्हता.

रविवार होता. चर्च सुटायची वाट बघून मी पार्ट्रिजांच्या घरी गेले. दार डेसमंडच्या आईने उघडलं. व्हर्नेल पार्ट्रिज शाळेची बस चालवायच्या. उंच बाई, डोक्यावर चर्चची जांभळी हॅट अजून तशीच. मला ओसरीवर बसवलं, गोड थंड चहा दिला आणि स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

"डेसमंड घरी नाही. डॉक्टरकडे गेलाय. खांद्याचं बघायला."

"खांद्याचं?"

"खांदाच तर धरलाय ना त्याचा."

मी चहाचा घोट घेतला. कोच म्हणतो बोट, रॉय म्हणतो कोपर, आई म्हणते खांदा. एकाच हाताला तीन दुखणी. आणि रविवारी दुपारी या गावात कुठला डॉक्टर दार उघडून बसतो?

"एमआरआय काढला असेल तर आमच्या डॉक्टरांना बघू द्याल का? तुमच्याच फायद्याचं आहे," मी म्हटलं.

"आमच्या घरातलं आम्ही बघतो, मिस रोंडा. चहा संपवून जा."

इतक्या सभ्यपणे मला कुणी घालवलं नव्हतं. चहा संपवला आणि निघाले. पण गावाबाहेर पीच फळांच्या टपरीपाशी गाडी उभी करून थांबले. माझी आता खात्री झाली होती. रॉयने या लोकांना काहीतरी कबूल केलंय. पोराला लपवायचं, दुखण्याची आवई उठवायची आणि आमची पाळी गेली की उचलायचं. कोच सामील, आई सामील. आपल्या पिशवीतल्या शेंगा खायला घालून रॉय मला शहाणपण शिकवत होता!

थोड्या वेळाने पार्ट्रिजांचा ट्रक समोरून गेला. खिडकीत जांभळी हॅट. शेजारी डेसमंड. मी मागे निघाले.

ट्रक कापसाच्या जुन्या, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात वळला. मी गाडी रस्त्यावरच ठेवली आणि पत्र्याच्या भिंतीच्या कडेने चालत गेले. काही दिसायच्या आधी आवाज आला. चांगल्या पिचरचा चेंडू हातमोज्यात बसतो तेव्हा एक कोरडा, भरीव आवाज येतो. ज्याने तो ऐकलाय त्याला वेग मोजायचं यंत्र लागत नाही. मी जागच्या जागी उभी राहिले. एकापाठोपाठ एक, तसाच आवाज. बोट, कोपर, खांदा, सगळं ठणठणीत.

मी कोपऱ्यावरून पुढे झाले. चेंडू झेलायला रॉय बसलेला असेल असं मला वाटलं होतं. रॉय नव्हता. तिथे एक दाढीवाला तरुण उकिडवा बसला होता, डेसमंडसारखाच चेहरा. चेंडू परत टाकताना तो उजव्या हाताने, लहान पोरासारखा वेडावाकडा टाकत होता. व्हर्नेलबाई ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बघत होत्या.

डेसमंडने मला पाहिलं आणि तो चक्क हसला.

"मिस रोंडा! अहो, तुम्ही कशा इथे? कोचनी बजावलंय, ड्राफ्टपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. लपवलं की टीमांची भूक वाढते म्हणे. तुमची वाढली ना?"

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुझं कोपर कसं आहे?"

"कोपर? कोपराला काय झालंय?"

"डेस, गाडीत बस," आई म्हणाली.

"थांब ना, मम्मा. कोण म्हणतं माझं कोपर दुखतंय?"

 डेसमंडने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग त्या दाढीवाल्याकडे. तो त्याचा थोरला भाऊ लामॉन्ट. लामॉन्टने हातमोजा काढून जमिनीवर ठेवला.

"सगळ्या टीमांना तसंच सांगितलंय," तो म्हणाला. "तू मोडलायस म्हणून. तुला कुणी उचलू नये म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"मी," आई म्हणाली. ती फळीवरून उतरली नाही. "मी सांगितलं, हॅडलीला सांगायला लावलं, आणि रॉय टिंडललाही. हिच्याकडे काय बघतोस, भावाकडे बघ. लामॉन्ट, दाखव त्याला."

"त्याने बघितलंय, मम्मा."

"पुन्हा दाखव!"

लामॉन्टने डावा हात लांब केला. तो सरळ होईना. कोपरापाशी अडून, वाकलेल्या खिळ्यासारखा राहिला. "माझ्या पोरीला कडेवर घ्यायचं तर उजव्याने," तो मला म्हणाला, जणू हवेबद्दल बोलत होता. "डावा आहे तो बाही रिकामी दिसू नये म्हणून."

लामॉन्टलाही शाळेतूनच उचललं होतं. त्याच्या टीमलाही तेव्हा तरुण पिचरची घाई होती. दोनदा शस्त्रक्रिया झाली, आणि मग त्याला घरी पाठवलं. हे सगळं व्हर्नेलबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

"आणि त्याला उचलायला आमच्या ओसरीवर येऊन कोण बसला होता ठाऊक आहे? रॉय टिंडल. माझ्या हातचा चहा पिऊन शब्द देऊन गेला होता, मुलासारखा सांभाळू म्हणून. या वेळी मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, आता माझं एक काम कर."

म्हणजे रॉय माझ्याशी खोटं बोलला होता, हे मी बरोबर ओळखलं होतं. कशासाठी, ते मात्र पार चुकलं होतं.

"कॉलेजात गेला की तीन वर्षं याला कुणी हात लावू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचाच नियम आहे. तेवढ्यात अंग तरी भरेल."

"मला विचारायचं तरी," डेसमंड म्हणाला.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास? टीव्हीवर नाव घेतलं की तू निघालास."

"हो, निघालो असतो!" त्याचा आवाज चिरकला. "माझा हात आहे तो, मम्मा. लामॉन्टचा नाही."

त्याने हातातला चेंडू आईच्या मांडीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. आणि गावाच्या रस्त्याने चालू लागला. लामॉन्ट त्याच्या मागे गेला. आम्ही दोघी राहिलो.

"आता जा आणि सांगा तुमच्या साहेबाला," व्हर्नेलबाई म्हणाल्या. "त्याचाच पगार घेता ना?"

मी गाडीत बसून आधी रॉयला फोन केला.

"कळलं तर तुला," तो म्हणाला.

"तुझ्या टीमला ठाऊक आहे?"

"वेडी आहेस का? खोटा रिपोर्ट दिला म्हणून दुसऱ्याच दिवशी हाकलतील मला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू तुझं काम कर, रोंडा. मी तुला अडवणार नाही. अडवायला तोंड नाही मला."

मी माझं काम केलं. केसलरना फोन करून सांगितलं, पोराचा हात उत्तम आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय. घरच्यांना तो कॉलेजात जायला हवाय, त्याला स्वतःला खेळायचंय. तुमच्या जागी मी असते तर उचलला असता.

"आणि कोपर?"

"अफवा आहे."

"अफवा कुणाची? टिंडल तर सगळीकडे सांगत फिरतोय. त्याच्याच टीमने नाव काढलंय. तो स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेईल?"

याचं उत्तर मला माहीत होतं. ते दिलं असतं तर केसलरांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता, आणि रॉयचं घर बसलं असतं. मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही."

"येणार नाही की सांगायचं नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हात इतका चांगला आहे तर एमआरआय का दाखवत नाहीत?" केसलर हळूहळू बोलत होते, प्रत्येक शब्द उलटून बघत असल्यासारखे. "तू आणि टिंडल जुने दोस्त. एकाच पिशवीतून शेंगा खाता. तो म्हणतो मोडलाय, तू म्हणतेस धडधाकट. माझी पहिली निवड वाया जावी म्हणून तर हे चाललेलं नाही ना?"

इतकी वर्षं त्यांच्यासाठी उन्हात बसले होते मी. पण त्यांचा राग आला नाही. दोन दिवस मी रॉयबद्दल हेच तर करत होते.

ड्राफ्टच्या दिवशी आम्ही कॉलेजातला एक उजवा पिचर उचलला. तयार, सुरक्षित. तो पुढे वर आलाही आणि बरा खेळतोय, खोटं कशाला बोलू. डेसमंडचं नाव कुणीच घेतलं नाही. शरद ऋतूत तो कॉलेजात गेला. घरी फोन करत नाही, सुट्टीत घरी गेला तर लामॉन्टकडे उतरतो, असं कानावर आलं. पुढच्या वर्षी रॉय निवृत्त झाला. मी त्याच्याबद्दल कुणाला बोलले नाही.

डेसमंडच्या तिसऱ्या वर्षी मी त्याचा सामना बघायला गेले. आता सगळ्या टीमांचे स्काऊट रांगेने बसले होते. तो अंगाने भरला होता, आणि चेंडूचा आवाज तोच होता. व्हर्नेलबाई एकट्याच, वरच्या रांगेत होत्या. सामन्यानंतर तो कुंपणापाशी आला. त्यांच्याकडे पाहून त्याने मान हलवली, तेवढंच. मग माझ्यापाशी थांबला.

"मिस रोंडा, एक विचारू? तुम्ही तेव्हा साहेबांना काय सांगितलं होतं?"

"तुझा हात उत्तम आहे, असं."

"आणि तरी त्यांनी घेतलं नाही?"

"त्यांचा विश्वास बसला नाही."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. शांतपणे, डोळे बारीक करून, जसं समोरचा फलंदाज कुठला चेंडू ओळखेल याचा अंदाज घेताना बघतात. मी नजर हलवली नाही.

"हॅडली कोचही हेच म्हणतात, की त्यांनी सगळ्यांना खरं तेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "टिंडलसाहेबांचंही पत्र आलं होतं. तेही काहीबाही म्हणत होते."

"मी खरं सांगतेय, डेसमंड."

"असेल," तो म्हणाला, अगदी आदराने. टोपी नीट केली, आणि हाताला बर्फ लावायला निघून गेला.